चौकोनी घर, गोल कोपी

दिवाळी झाली की माहेरच्या मळ्यात उसतोडीची टोळी उतरते. ह्या वर्षी मी नेमकी तिथंच होते. भाऊबीज उरकून पुण्याला निघायचं तर लेकीला ताप भरला, म्हणून चार दिवस जास्त राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक कोपी, म्हणजे उसतोड्यांची झोपडी, उभी राहताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. लहानपणापासून दरवर्षी कोप्या बघतेय, पण बघायच्या त्या तयारच. सकाळी उठलं की बांधाकडेला आठ-दहा कोप्या, जणू रात्रीत उगवल्या.

तर टोळीतल्या एका जोडप्यातल्या नवऱ्यानं खोऱ्यानं जागा सपाट केली, ढेकळं बाजूला सारली, आणि टाचेनंच जमिनीवर एक गोल ओढला. दोरी नाही, माप नाही. त्या गोलावर पहारीनं भोकं, भोकात बांबूच्या कांबी, वर सगळ्यांची टोकं एकत्र आवळून बांधली, भोवती चटई, चटईवर निळा कागद (आमच्याकडं प्लॅस्टिकला कागदच म्हणतात), आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून खाली भोवतीनं मातीचा बांध. दीड तास लागला असेल. तोवर बायकोनं तीन दगड मांडून चूल पेटवलीपण होती, पोरगं डालग्याखालच्या कोंबडीशी खेळत होतं आणि बैलांपुढं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) पडलं होतं. म्हणजे घर पूर्ण व्हायच्या आधीच संसार सुरू.

मी अण्णांना (माझ्या वडिलांना) म्हटलं, अण्णा, ही तर डिट्टो इनामगावची झोपडी आहे. अण्णा म्हणाले, "इनामगावला कशाला जाती, हितं हाय की."

आता हे इनामगाव काय ते सांगते. पुण्यापासून साधारण ८०-८५ किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर. आमचं गाव त्याच नदीवर, थोडं अलीकडं. तिथं १९६८ ते १९८३ ह्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, ह. धी. सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. आमच्या आत्याच्या गावची माणसं तिथं मजुरीला जायची, तिच्या सासऱ्यांना कायम प्रश्न पडायचा की ही शिकलेली माणसं एवढ्या प्रेमानं खापरं का धुतात. बायका हसायच्या म्हणे, घरची भांडी कधी घासली नसतील ह्यांनी.

पण त्या खापरांतून आणि मातीतून जे निघालं ते मला अजून चकित करतं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास इथं शेतकरी येऊन वसले आणि त्यांच्या पिढ्या इ.स.पू. ७०० पर्यंत तिथंच राहिल्या. नऊशे वर्षं! आमच्या घराण्याची माहिती अण्णांच्या पणजोबांपाशी संपते, नऊशे वर्षं म्हणजे माझ्या डोक्यात बसतच नाही. ह्यातला मधला काळ, इ.स.पू. १४०० ते १०००, तो भरभराटीचा. त्याला पूर्व जोर्वे म्हणतात. जोर्वे हे संगमनेरजवळ प्रवरेच्या काठचं गाव, तिथं १९५०-५१ ला खोदलं तेव्हा लाल रंगाची, काळ्या नक्षीची, खणखणीत वाजणारी भांडी निघाली, ती ज्या ज्या गावात सापडली ती सगळी जोर्वे संस्कृतीची गावं. नेवासे, दायमाबाद, चांडोली, इनामगाव, सगळी नद्यांच्या काठानं.

ह्या भरभराटीच्या काळात इनामगावची घरं चौकोनी होती. आयताकृती म्हणा. मातीच्या बुटक्या भिंती, लाकडी मेढी, वर कुडाचं आणि गवताचं छप्पर, आणि घरं अशी रांगेत की मधून बोळ. घरात धान्याच्या कणगीला मातीचे गोल ओटे, जमिनीत चुन्यानं लिंपलेली पेवं, म्हणजे धान्य साठवायचे खड्डे. (पेव फुटणं हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, आमदारकीच्या इच्छुकांचं पेव फुटलं वगैरे, पण पेव बघितलंय कुणी? आमच्या जुन्या वाड्यात एक होतं, आजोबांनी माती टाकून बुजवलं कारण माझा चुलता लहानपणी त्यात पडला होता.) जव हे त्यांचं मुख्य पीक, शिवाय मसूर, कुळीथ, वाटाणा, थोडा गहू. आणि हे सगळं अशा भागात की जिथं पाऊस वर्षाला ४००-५०० मिलिमीटर, तोही मनात आलं तर.

मग जमायचं कसं? तर त्यांनी पाणी वळवलं होतं. दगडमातीचा लांबलचक बांध घालून दोनशे मीटरच्या आसपास लांबीचा कालवा काढला होता त्या लोकांनी. लोखंड नव्हतं. तांबं होतं पण लांबून यायचं, त्यामुळं बेताचंच. रोजची कामं गारगोटीच्या पात्यांवर. असं एक पातं माझ्या चुलतभावाला नदीकडंच्या रानात नांगरताना सापडलं होतं, माझ्या करंगळीएवढं, दोन्ही कडा समांतर, दुधी काचेसारखं. मी हातात घेऊन बोट फिरवलं तर बारीक रेघ उमटली आणि रक्त आलं. तीन हजार वर्षं मातीत पडून धार तशीच! आमच्या स्वयंपाकघरातली सुरी सहा महिन्यांत बोथट होते. (ते पातं त्याच्या शोकेसमध्ये आहे, ठेवायला नको हे मला आता कळतं, त्याला सांगून झालंय, तो हो हो म्हणतो.)

तर कालवा, पेवं, रांगेतली घरं. आणि वस्तीच्या मधोमध एक पाच खोल्यांचं घर, त्याच्याशेजारी धान्याचं कोठार. कारागीर मंडळी मात्र कडेला, कुंभार, सोनार, चुना भाजणारा, सगळे पश्चिमेच्या बाजूला. हे वाचलं तेव्हा मी हसले, कारण आमच्या गावाचा नकाशा काढला तर पाटलाचा वाडा कुठं आणि कुंभारआळी कुठं हे वेगळं सांगायला नको. जिथं धान्य साठतं तिथं ते कुणीतरी राखायला लागतं, आणि राखणारा माणूस हळूहळू वाटणारा होतो. कोठार आधी की पाटील आधी, हे मला कुणी खात्रीनं सांगितलं तर मी त्याला चहा पाजीन.

केंट फ्लॅनरी नावाच्या एका अमेरिकन पुरातत्त्वज्ञानं १९७२ साली पश्चिम आशिया आणि मेक्सिकोतल्या जुन्या गावांबद्दल लिहिताना हा घराच्या आकाराचा मुद्दा मांडला होता. त्याचं म्हणणं साधारण असं की गोल झोपड्या असतात तिथं बऱ्याचदा साठा सगळ्यांचा मिळून असतो, आणि चौकोनी घरं येतात तेव्हा एकेक कुटुंब आपला साठा आपल्या भिंतीआड नेतं. शिवाय चौकोनाला खोली जोडता येते. पोरगं लग्नाचं झालं, काढा एक खोली. गोलाला खोली जोडता येत नाही, दुसरा गोलच करावा लागतो. मला हे एकदम पटलं, कारण आमचं माहेरचं घर म्हणजे अण्णांच्या लग्नाची खोली, तात्यांच्या लग्नाची खोली, कांद्याच्या पैशातली खोली आणि दादाच्या लग्नाची स्लॅबची खोली, असं आगगाडीसारखं वाढत गेलंय.

आता खरी गोष्ट इथून पुढं. इ.स.पू. १००० च्या आसपास काहीतरी बिनसलं. दायमाबाद, नेवासे, अशी मोठमोठी जोर्वे गावं उठली, ओस पडली. इनामगाव टिकलं, आणखी तीनशे वर्षं (ह्या काळाला उत्तर जोर्वे म्हणतात), पण कसं टिकलं ते बघा. गहू जवळपास गेला, जव कमी झाला. हाडांमध्ये गाईबैलांचं प्रमाण घटलं, शेळ्यामेंढ्यांचं आणि हरणांचं वाढलं. भांडी जाडीभरडी झाली. आणि घरं? चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, लहान लहान, तीन-चारच्या झुबक्यात. ढवळीकरांच्या मते पाऊसमान बिघडलं, रखरख वाढली, शेती परवडेना, म्हणून लोक अर्धे भटके झाले, मेंढरांमागं फिरायला लागले.

म्हणजे त्याच गावात, त्याच मातीवर, बहुतेक त्याच लोकांची नातवंडं-पंतवंडं शेतकऱ्याची मेंढपाळ झाली. शेती येत नव्हती म्हणून नव्हे हां, सहाशे वर्षांचा अनुभव गाठीशी होता. कालवा काढणाऱ्यांची पोरं होती ती!

लेकीला तापातून जरा बरं वाटल्यावर ती शाळेचा चार्ट करत बसली होती. माणसाची प्रगती. कार्डशीटवर पायऱ्या काढल्या होत्या, सगळ्यात खाली शिकारी, मग पशुपालक, मग शेतकरी, मग कारखाना, सगळ्यात वर लॅपटॉप घेऊन बसलेला एक माणूस, आणि त्याच्या तोंडावर हसू. (लॅपटॉपवाला माणूस हसतोय हे बघूनच मला कळलं की चित्र कल्पनेतलं आहे.) ह्या पायऱ्या फार जुन्या. लुईस मॉर्गन नावाच्या अमेरिकन वकिलानं १८७७ मध्ये सगळ्या मानवजातीला रानटी, अर्धरानटी आणि सुधारलेले अशा तीन मजल्यांवर बसवलं होतं, आणि दीडशे वर्षं झाली तरी आपण तोच जिना पोरांकडून कार्डशीटवर काढून घेतोय. मी तिला म्हटलं, एक बाण वरून खालीपण काढ. ती म्हणाली, बाई मार्क कापतील. मग मी गप्प बसले.

पण मला खरंच वाटतं की आमच्या भागात तरी हा जिना नव्हताच कधी, होती ती येरझार. आणि येरझार घालायला लावतं पाणी. अवजार नंतर. आमच्या घरातलंच बघा. अण्णा लहानपणी मोट हाकायचे. सगळ्यांना आवडतं तसं मोटेवरच्या गाण्यांचं कौतुक मी करणार नाही, कारण अण्णा स्वतः करत नाहीत. ते सांगतात, बैल धावेवर मागं मागं आणायचे, मोट भरली की नाड्यावर बसून बैलांसकट खाली उतरायचं, थारोळ्यात पाणी पडायचं, की परत मागं. दिवसभर. संध्याकाळपर्यंत जेमतेम अर्धा एकर भिजायचं आणि मांड्या सोलवटून निघायच्या. मग ऑइल इंजिन आलं, पहिल्या दिवशी ते चालू करताना हँडल उलटं फिरून तात्यांचा हात मोडला. मग लाइटची मोटर. मग बोअर, मग ठिबक, आता अण्णा पुण्यात माझ्या सोफ्यावर बसून मोबाइलवरून मोटर चालू करतात आणि लाइट नसली की मोबाइललाच शिव्या देतात. पंचाहत्तर वर्षांच्या एका माणसानं बैलापासून ॲपपर्यंत सगळं वापरलं.

आता ह्यालाच कुणी पायऱ्या म्हणेल. पण मधे १९७२ चा दुष्काळ आहे.

घोड नदीवरचं चिंचणीचं धरण साठच्या दशकात झालं होतं, पण आमचं रान कालव्याच्या वरच्या अंगाला, पाणी दिसायचं, मिळायचं नाही. बहात्तरला विहिरीनं तळ गाठला. बैल विकले, विकले म्हणजे दिले, घेणार कोण. सगळं घर खडी फोडायला रस्त्याच्या कामावर. आजी सांगायची, सुकडी मिळायची आणि अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला चव नव्हती पण तीच गोड लागायची. तिथं कामाजवळच पालं टाकून राहिली ही माणसं, म्हणजे चौकोनी वाड्यातली माणसं, ज्यांच्या घरात पेव होतं ती, आठ-नऊ महिने पालात! मी एकदा आजीला विचारलं, पाल कसलं होतं? ती म्हणाली, "कसलं म्हंजी? चार काठ्या न् एक लुगडं." पुढचा पाऊस बरा झाला, सगळे परत वाड्यात आले. उत्तर जोर्वेच्या लोकांचा पाऊस परतलाच नाही, एवढाच काय तो फरक.

आजीवरून जातं आठवलं. ती पहाटे चारला उठून दळायची, गावात गिरणी आली तेव्हा तिनं देवाला नारळ फोडला होता. आज आमच्याकडं त्या जात्याच्या तळीत मनीप्लँट लावलाय आणि पाहुणे त्याचा फोटो काढतात. इनामगावच्या बायकांना तर फिरणारं जातंही नव्हतं, ते फार नंतर आलं. पाट्यासारख्या दगडावर गुडघे टेकून पुढं-मागं, पुढं-मागं. सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाचं एक गाव होतं, जगातल्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी काहींचं, आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथल्या हाडांचा अभ्यास थेया मोलेसन ह्या बाईंनी केला, तर बायकांच्या पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबर ह्यांच्यावर दळून दळून झालेल्या खुणा सापडल्या. शेतीचा शोध हा माणसाचा सर्वांत मोठा शोध वगैरे वाचलं की मला तो अंगठा आठवतो. पीठ कुणी काढलं ते हाडांनी लिहून ठेवलंय.

असो. कोपीकडं परत येते.

तिसऱ्या दिवशी मी लेकीसाठी काढलेल्या पेजेतली थोडी उरलेली आणि बरोबर कालची शंकरपाळी घेऊन त्या कोपीपाशी गेले. बाई माझ्याच वयाची असेल. पाटोद्याकडची, बीड जिल्हा. म्हणाली घरी पाच एकर आहे. मी म्हटलं पाच एकर? आमच्या अण्णांना चार. ती म्हणाली, "तुमच्या चारात पाणी हाय ताई, आमच्या पाचात दगडं. घर हाय की सलपाचं, कुलूप घालून आलोय. म्हातारी राखती." सलप म्हणजे स्लॅब. म्हणजे ह्या बाईचं चौकोनी घर आहे, पक्कं, आणि ती वर्षातले पाच-सहा महिने गोल कोपीत राहते. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत नवराबायको मिळून एक कोयता. दोन माणसांना हिशेबात एक कोयता म्हणतात, आणि एकट्याला अर्धा. हत्याराच्या नावानं माणसं मोजायची ही पद्धत मला आधीही माहीत होती, पण तिच्या तोंडून "आमचा एक कोयता हाय" हे ऐकताना कानाला लागलं.

त्या कोपीच्या दारात बसल्यावर इनामगावची आणखी एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली. तिथं मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले सापडतात. का, तर मेलेल्यानं सोडून जाऊ नये म्हणून असावं, असा अंदाज. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. आणि त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला एक माणूस निघाला, त्याचे पाय शाबूत. मी त्याबद्दल फार तत्त्वज्ञान झाडत नाही. एवढंच मनात आलं की जागा सोडून जायची ज्यांना सर्वांत जास्त भीती, त्यांच्याच वंशजांना गोल झोपड्या बांधून फिरायची वेळ आली.

त्या बाईला मी हे काही सांगितलं नाही, उगाच काय. तिनंच विचारलं, "ताई, तुम्ही पुण्यात कुठं?" मी सांगितलं, वन बीएचके, भाड्याचा, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. "दर अकरा महिन्याला बदलता?" कधी कधी, म्हटलं. गेल्या नऊ वर्षांत चार घरं झाली. ती हसली. "मंग तुमचीबी कोपीच की."

त्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यात हार्वेस्टर आला होता. हिरवं धूड, रात्री दिवे लावून चालतं, पुढून उभा ऊस गिळतं आणि बाजूच्या ट्रॉलीत तुकडे ओकतं. सगळी पोरं बघायला, माझी लेकपण, ताप विसरून. टोळीतले पुरुष बांधावर उकिडवे बसून बघत होते. कुणी काही बोलत नव्हतं. मग एक म्हातारा म्हणाला, पावसानं रान वलं असलं की हे रुततंय. दुसरा म्हणाला, बारक्या वावरात वळत नाय. तिसरा म्हणाला, आणि वाढं? वाढ्याचा चोथा करतंय, बैलानं खायचं काय? तिन्ही बरोबर होतं. अण्णांना मी नंतर विचारलं, पुढच्या वर्षी तुम्ही मशीन बोलावणार का? अण्णा म्हणाले, टोळी मिळाली तर टोळी. आणि नाही मिळाली तर? "मग काय, चुलीत घालू का ऊस?"

आम्ही पुण्याला परतलो. चार्टला मार्क मिळाले, दहापैकी नऊ, एक मार्क अक्षराचा गेला.

मार्चमध्ये परत गेले तेव्हा टोळी पुढच्या गावाला गेली होती. बांधाकडेला कोप्यांच्या जागी नुसते गोल उरले होते, पायानं तुडवून घट्ट झालेली जमीन, कडेनं कांबींची भोकं, मधे तीन काळे दगड आणि राख. मी एका गोलात उभी राहून पावलांनी मापून बघितलं, आरपार सहा पावलं. फोटो काढला. दादा रोटाव्हेटर घेऊन येतच होता, पाच मिनिटांत सगळं भुसभुशीत झालं. अण्णांनी त्या राखेच्या जागी मेथी टाकली. तिथंच ती जास्त चांगली येते म्हणतात, आणि खरंच, बाकीच्या वाफ्यापेक्षा तेवढीच गोलगोल जागा गडद हिरवी होती.